लंडन ते न्यूयॉर्क : अंतर आणि अवधि



वाट किती, असें विचारलें असतां आपल्या खेड्यांतील वडीलधारीं माणसें कोसांचा आंकडा क्वचितच सांगत. 'चार घटकांची वाट आहे' किंवा 'ऊन उतरायच्या आंत पोंचाल' असें त्यांचें उत्तर असे. विमानाच्या युगानें हीच चाल पुन्हां आणली आहे. लंडनहून न्यूयॉर्क किती दूर, असें विचारल्यास साडेपांच हजार किलोमीटर हें उत्तर फारसें ऐकूं येत नाहीं. सात-आठ तास, असेंच बहुधा सांगतात. परंतु हें उत्तर जरा पारखून पाहण्यासारखें आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास साधारणपणें साडेसात ते आठ तास लागतात, आणि न्यूयॉर्कहून लंडनला येण्यास साडेसहा ते सात. समुद्र तोच, शहरें तींच, विमानहि पुष्कळदां तेंच. मग हा एक तास जातो कोठें?

आज मी आपल्याशीं या एका तासाविषयीं बोलणार आहें. त्याचा माग काढूं लागलें कीं पृथ्वीचा आकार, वाऱ्याची दिशा, वैमानिकाची सावधगिरी आणि आपल्या पैशाची थैली हीं सर्व एकामागून एक समोर येतात. ज्या घरांतील मुलगा वा मुलगी समुद्रापलीकडे आहे, त्या घराला तर हा हिशेब अगदीं जवळचा वाटेल.

प्रथम अंतर नीट पाहूं. भिंतीवरील सपाट नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती पश्चिमेकडे जातां जातां हळूहळू दक्षिणेस उतरते. कारण न्यूयॉर्क लंडनपेक्षां सुमारें अकरा अंशांनीं दक्षिणेस, म्हणजे जवळजवळ स्पेनमधील माद्रिदच्या अक्षांशावर वसलें आहे. विमान मात्र लंडनहून निघालें कीं बहुधा प्रथम किंचित् उत्तरेकडे तोंड करतें, आयर्लंड ओलांडून महासागरावर येतें, न्यूफाउंडलंडच्या आसपास पलीकडचा कांठ गांठतें आणि तेथून नैर्ऋत्येस उतरत न्यूयॉर्कला पोंचतें. नवख्या प्रवाशाला हा उगाच घातलेला वळसा वाटतो.

घरांत मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर या दोन शहरांमध्यें एक दोरा ताणून धरावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो, आणि ती वाट नकाशावरील रेघेच्या बरीच उत्तरेकडून जाते हें चटकन् दिसून येईल. ही वाट ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीचा मध्य तोच त्याचाहि मध्य. या वाटेनें दोन शहरांमधील अंतर सुमारें ५,५७० किलोमीटर, म्हणजे ३,४६० मैलांच्या आसपास भरतें. नकाशावरील सरळ रेघेनें गेल्यास तें सुमारें ५,८०० किलोमीटर होतें. जो वळसा वाटला होता तोच दोनशें किलोमीटरांहून अधिक वाट वांचवितो. १९२७ च्या मे महिन्यांत चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत गेला, तेव्हां त्यानेंहि आपली वाट याच रीतीनें, बृहद्‌वृत्ताचे लहान लहान तुकडे पाडून आंखली होती.

परंतु दोरा कोणत्याहि टोंकाकडून मोजला तरी त्याची लांबी तीच भरणार. तेव्हां आपला हरवलेला तास अंतरांत सांपडत नाहीं.

दुसरा एक तर्क पुष्कळांच्या मनांत येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हां विमान हवेंत असतां न्यूयॉर्क आपण होऊन त्याच्याकडे सरकत आलें पाहिजे, आणि म्हणून पश्चिमेचा प्रवास लवकर संपला पाहिजे. अनुभव नेमका उलट येतो. या तर्कांत राहून गेलेली गोष्ट अशी कीं, पृथ्वी फिरतांना आपल्या भोंवतालचें वातावरणहि बरोबर घेऊन फिरते. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत उडालेली माशी मागच्या भिंतीवर जाऊन आदळत नाहीं, कारण डब्यांतील हवा गाडीबरोबरच चाललेली असते. विमानाची स्थिति हीच. हवा जमिनीच्या मानानें कोणीकडे व किती सरकत आहे, एवढ्याशींच त्याला कर्तव्य असतें; आणि जमिनीच्या मानानें सरकणाऱ्या हवेलाच आपण वारा म्हणतों.

उत्तर अटलांटिकवरील हा वारा खलाशांच्या फार जुन्या ओळखीचा. १८१८ पासून न्यूयॉर्क व लिव्हरपूल यांच्यामध्यें ठरलेल्या दिवशीं सुटणारीं शिडांचीं जहाजें सुरू झालीं. त्यांना पूर्वेकडे जातांना साधारणपणें तीन-चार आठवडे लागत, आणि पश्चिमेकडे येतांना पांच-सहा. खलाशी पूर्वेच्या सफरीला उतार म्हणत व पश्चिमेच्या सफरीला चढ. समुद्र तर सर्वत्र सपाट. हा चढउतार वाऱ्याचा होता. १८३८ च्या एप्रिलमध्यें 'ग्रेट वेस्टर्न' ही आगबोट इंग्लंडांतील ब्रिस्टलहून निघून पंधरा दिवसांत न्यूयॉर्कला पोंचली. वाफेच्या बळानें चढ पुष्कळ सौम्य झाला, पण नाहींसा झाला नाहीं.

माणूस आकाशांत शिरला तेव्हां हाच चढ तेथेंहि त्याची वाट पाहत होता. १९१९ च्या जून महिन्यांत जॉन अल्कॉक व आर्थर ब्राउन या दोघांनीं अटलांटिक महासागर मध्यें कोठेंहि न थांबतां विमानानें प्रथम ओलांडला. न्यूफाउंडलंडहून निघून सुमारें सोळा तासांनीं ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफ्डनजवळ उतरले, आणि वरून जें हिरवें कुरण वाटलें त्या दलदलींत त्यांच्या विमानाचें नाक रुतलें. पूर्वेच्या दिशेनें उड्डाण केल्यामुळें वारा त्यांच्या पाठीशीं होता. पुढच्याच महिन्यांत आर-३४ नांवाचें ब्रिटिश वायुजहाज स्कॉटलंडहून न्यूयॉर्कनजीक गेलें; त्याला १०८ तास लागले. तेंच जहाज परत इंग्लंडला आलें तें ७५ तासांत. विमानानें न थांबतां पूर्वेकडून पश्चिमेकडे महासागर ओलांडण्यास मात्र १९२८ चा एप्रिल उजाडावा लागला. 'ब्रेमेन' नांवाचें जर्मन विमान आयर्लंडहून न्यूयॉर्कसाठीं निघालें आणि छत्तीस तासांच्या आसपास झगडून अखेर कॅनडाच्या किनाऱ्याजवळील ग्रीनली बेटावर उतरलें. न्यूयॉर्क त्याला गांठतां आलें नाहीं. आकाशांतील उतार उतरल्यावर चढ चढण्यास वैमानिकांना जवळजवळ नऊ वर्षें लागलीं तीं अशीं.

त्या काळचीं विमानें ढगांच्या आसपास उडत. त्याहून पुष्कळ वर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीच्या थरांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी हवेची जणूं एक नदीच आहे. शास्त्रज्ञ तिला जेट स्ट्रीम म्हणतात. आपण तिला वायुस्रोत म्हणूं. जपानमधील हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं आकाशांत फुगे सोडून त्यांच्या गतीवरून या स्रोताचीं मोजमापें घेतलीं आणि १९२६ मध्यें आपला अहवाल एस्पेरांतो भाषेंत प्रसिद्ध केला. सर्व जगाला कळावी म्हणून निर्माण केलेली ती भाषा प्रत्यक्षांत फार थोड्यांना कळत होती; त्यामुळें अहवाल बाहेरच्या जगांत दुर्लक्षित राहिला. पुढें १९४४ मध्यें जपानवर फार उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेक्या विमानांना या वाऱ्याचा प्रत्यक्ष तडाखा बसला, तेव्हां त्याचें महत्त्व सर्वांना पटलें.

हा स्रोत कां वाहतो, तेंहि थोडक्यांत सांगतों. विषुववृत्ताकडील हवा उष्ण आणि ध्रुवाकडील हवा थंड. या तफावतीमुळें उंचावरची हवा ध्रुवाकडे जाऊं पाहते; पण पृथ्वीच्या फिरण्यामुळें उत्तर गोलार्धांत ती उजवीकडे वळते आणि पूर्वेच्या दिशेनें वाहूं लागते. म्हणजे पृथ्वीचें फिरणें आपण मघां हिशेबांतून काढून टाकलें होतें, तें अशा आडवाटेनें पुन्हां हिशेबांत येतें. हिवाळ्यांत उष्ण व थंड यांतील तफावत वाढते आणि वारा जोर धरतो. ताशीं दीडदोनशें किलोमीटर हा त्याचा वेग असाधारण नव्हे. आजचीं प्रवासी विमानें बहुधा याच उंचीवरून उडतात. २०२० च्या फेब्रुवारींत एका मोठ्या वादळाच्या वेळीं ब्रिटिश एअरवेजचें एक बोइंग विमान या स्रोताच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलें. वाटेंत त्याची जमिनीच्या मानानें गति ताशीं १,३०० किलोमीटरांवर गेली होती. विमानाच्या यंत्रांनीं नेहमींचेंच काम केलें होतें. वरकड गति वाऱ्याची होती.

कोणी म्हणेल, वारा जातांना अडवितो, येतांना ढकलतो. तेव्हां दोन्ही मिळून हिशेब बरोबर होत असेल. आपण एक साधें गणित करून पाहूं. सोयीसाठीं अंतर ५,४०० किलोमीटर आणि विमानाची हवेंतील गति ताशीं ९०० किलोमीटर धरूं. वारा मुळींच नसेल तर जाण्यास सहा तास आणि येण्यास सहा तास, एकूण बारा. आतां ताशीं १०० किलोमीटरांचा पश्चिमवारा सुटला आहे असें समजूं. पूर्वेकडे येतांना गति १,००० होते आणि ५ तास २४ मिनिटें लागतात. पश्चिमेकडे जातांना गति ८०० राहते आणि ६ तास ४५ मिनिटें लागतात. एकूण १२ तास ९ मिनिटें. वाऱ्यानें एका बाजूला ३६ मिनिटें दिलीं आणि दुसऱ्या बाजूला ४५ वसूल केलीं. मुद्दल घेतलेंच, वर नऊ मिनिटें व्याजहि घेतलें. कारण उघड आहे. प्रतिकूल वाऱ्यांत विमानाला अधिक वेळ राहावें लागतें, म्हणून त्याचा उपद्रव अधिक वेळ पोंचतो. अनुकूल वाऱ्यांतून तें लवकर बाहेर पडतें, म्हणून त्याचा लाभ थोडा वेळ मिळतो. या उदाहरणांत दोन प्रवासांमधील फरक ८१ मिनिटांचा आला. आपला हरवलेला तास येथें सांपडला.

वाऱ्याला चुकवितां येत नाहीं काय? कांहीं अंशीं येतें. पश्चिमेकडे जाणारें विमान दोऱ्याची जवळची वाट सोडून स्रोताच्या उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून लांबची वाट धरतें, आणि ती लांबची वाट वेळाच्या हिशेबानें जवळची ठरते. पूर्वेकडे येणारें विमान उलट त्या स्रोतांत शिरण्याची संधि शोधतें. हवामान रोज बदलतें, म्हणून वाटाहि रोज बदलतात. अटलांटिकच्या पलीकडील गँडर आणि अलीकडील प्रेस्टविक येथील नियंत्रण केंद्रें या आकाशाची राखण करतात, आणि वाऱ्याचा अंदाज पाहून महासागरावरील वाटांची आंखणी दिवसांतून दोनदां केली जाते : एक पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठीं, दुसरी पूर्वेकडे येणाऱ्यांसाठीं. काल ज्या वाटेनें विमान गेलें ती वाट आज नसेलहि. रस्ता रोज नव्यानें बांधावा आणि रोज मोडावा, असा हा राजमार्ग आहे.

या राजमार्गावर दीपस्तंभ नाहींत आणि थांबण्याला जागाहि नाहीं. किनाऱ्यावरील रडारची दृष्टि महासागराच्या मध्यापर्यंत पोंचत नाहीं; म्हणून दोन शेजारच्या वाटांमध्यें एके काळीं साठ समुद्री मैलांचें अंतर राखीत. आतां उपग्रहांच्या द्वारें विमानाचा ठावठिकाणा वरचेवर कळतो, आणि वाटा एकमेकींच्या अधिक जवळ आणतां आल्या आहेत. तरीहि वैमानिकाला एका प्रश्नाचें उत्तर निघण्यापूर्वींच तयार ठेवावें लागतें. वाटेंत एखादें यंत्र बंद पडलें, किंवा एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला, तर पुढें जावयाचें कीं मागें वळावयाचें?

आपल्याला वाटेल कीं अर्धी वाट होईपर्यंत मागें वळावें आणि अर्धी झाल्यावर पुढें जावें. पण मघांचेंच गणित येथें पुन्हां लावून पाहूं. लंडनहून ३,००० किलोमीटर आल्यावर न्यूयॉर्क २,४०० किलोमीटर उरतें. परत वळल्यास वारा पाठीशीं, गति १,०००, लंडन तीन तासांवर. पुढें गेल्यास वारा समोर, गति ८००, न्यूयॉर्कहि तीनच तासांवर. म्हणजे मैलांचा मध्य २,७०० किलोमीटरांवर असला तरी वेळाचा मध्य ३,००० किलोमीटरांवर आहे. वैमानिकाच्या भाषेंत हा समान वेळेचा बिंदु. वारा वाढला कीं तो वाऱ्याच्या उगमाकडे सरकतो. प्रत्यक्षांत हा हिशेब दोन टोंकांच्या शहरांवर न करतां आयर्लंड, आइसलंड, न्यूफाउंडलंड अशा मधल्या आश्रयस्थानांवर करतात. परंतु त्यामागचें तत्त्व एकच : संकटांत सांपडलेल्याला मैल उपयोगी पडत नाहींत, मिनिटें पडतात.

याच कारणानें दोन एंजिनांच्या प्रवासी विमानांवर दीर्घकाळ असा निर्बंध होता कीं, एका एंजिनावर चालून साठ मिनिटांत जेथें उतरतां येईल अशा तळापासून त्यांनीं दूर जाऊं नये. त्यामुळें महासागराचें काम मुख्यतः चार वा तीन एंजिनांच्या विमानांकडे असे. यंत्रें अधिक भरंवशाचीं झाल्यावर १९८५ मध्यें ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढविण्यांत आली, पुढें ती आणखी सैल झाली, आणि आज या वाटेवर दोन एंजिनांचीं विमानेंच प्रामुख्यानें दिसतात. मधल्या आश्रयस्थानांचें महत्त्व मात्र गेलेलें नाहीं. २००१ च्या ११ सप्टेंबरला अमेरिकेचें आकाश एकाएकीं बंद झालें, तेव्हां महासागरावरून येणारीं ३८ प्रवासी विमानें एकट्या गँडरला उतरलीं. त्यांतून आलेल्या सहा हजारांहून अधिक परक्या माणसांना सुमारें दहा हजार वस्तीच्या त्या गांवानें आणि आसपासच्या खेड्यांनीं अनेक दिवस ठेवून घेतलें, जेऊं घातलें. मैलांच्या कोष्टकांत अशा गांवाचें नांवहि येत नाहीं.

प्रवासाच्या अवधींत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे घड्याळ. न्यूयॉर्कचें घड्याळ वर्षांतील बहुतेक काळ लंडनच्या पांच तास मागें असतें. लंडनहून सकाळीं अकराला निघालेला प्रवासी आठ तासांनीं उतरतो तेव्हां न्यूयॉर्कला दुपारचे दोन वाजलेले असतात. दिवस त्याच्यासाठीं लांबला. उलट, न्यूयॉर्कहून संध्याकाळीं सातला निघालेला प्रवासी सात तासांनीं लंडनला उतरतो तेव्हां तेथें सकाळचे सात झालेले असतात, आणि त्याच्या शरीराच्या हिशेबानें मात्र रात्रीचे दोनच वाजलेले असतात. आकाशांत वांचलेला तास असा झोंपेंतून वळता होतो. परगांवाहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीं कार्यांत गुंतवूं नये, हा आपल्या घरांतील जुना शहाणपणा पूर्वेकडे येणाऱ्या प्रवाशाला विशेष लागू पडतो.

आतां गतीकडे वळूं. पंधरा दिवसांचे सात तास झाले, तेव्हां अवधि असाच कमी होत चालला असेल, असें आपण गृहीत धरतों. वस्तुस्थिति निराळी आहे. १९५८ च्या ४ ऑक्टोबरला बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट विमानांनीं लंडन व न्यूयॉर्क यांच्यामध्यें जेट प्रवासी सेवा सुरू केली. त्या दिवशीं पूर्वेकडे आलेल्या विमानाला सुमारें सव्वासहा तास लागले. पश्चिमेकडे गेलेल्या विमानाला इंधनासाठीं गँडरला थांबावें लागलें आणि सव्वादहा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पुढें मधला थांबा गेला. पण पूर्वेचा तो सव्वासहा तासांचा आंकडा आणि आजचा आंकडा यांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. साठांहून अधिक वर्षें हा अवधि जवळजवळ जागच्या जागीं आहे.

तो मोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तो 'कॉन्कॉर्ड'चा. ध्वनीच्या दुप्पट गतीनें जाणारें हें विमान १९७७ पासून लंडन-न्यूयॉर्क मार्गावर होतें. नेहमींच्या प्रवासाला त्यास सुमारें साडेतीन तास लागत. १९९६ च्या ७ फेब्रुवारीला त्यानें न्यूयॉर्कहून लंडन २ तास ५३ मिनिटांच्या आंत गांठलें. सकाळीं लंडनहून निघालेला प्रवासी न्यूयॉर्कला उतरे तेव्हां तेथील घड्याळ त्याच्या निघण्याच्या वेळेच्याहि मागें असे. परंतु ध्वनीच्या गतीजवळ जातांच हवेचा अडथळा एकदम वाढतो. त्याच्या पलीकडे जाण्याची किंमत इंधनांत मोजावी लागते, आणि कॉन्कॉर्डमध्यें तर प्रवासी सुमारें शंभरच बसत. त्याच्या स्फोटासारख्या आवाजामुळें जमिनीवरून पूर्ण गतीनें जाण्याचीहि त्याला बंदी होती. २००० मध्यें पॅरिसजवळ एका कॉन्कॉर्डला भीषण अपघात झाला, आणि २००३ च्या ऑक्टोबरांत ही सेवा संपली. साधीं विमानें तेव्हांहि आणि आजहि ध्वनीच्या गतीच्या आठ-साडेआठ दशांशांवर चालतात, कारण तेथें इंधन बेतानें जळतें.

यंत्रविद्येनें येथें हार खाल्ली असें मला वाटत नाहीं. लांकडी पंख व दोन माणसें घेऊन जाणाऱ्या अल्कॉक-ब्राउनच्या विमानापासून तीन-तीनशें माणसें नेणाऱ्या विमानापर्यंत तिनें मजल मारली. साठ वर्षांपूर्वीं तिनें अवधि कमी करण्याचें थांबविलें आणि भाडें कमी करण्याकडे व धोका कमी करण्याकडे आपली शक्ति वळविली. याचा लाभ कोणाला झाला, तें आपल्याकडील उदाहरणावरून दिसेल. १९४८ च्या ८ जूनला एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला निघालें. १९६० च्या मे महिन्यांत ही सेवा बोइंग जेट विमानांनीं लंडनच्या पुढें न्यूयॉर्कपर्यंत गेली. पुढील काळांत कित्येक मराठी विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनियर याच महासागरावरून अमेरिकेंत गेले. तेव्हांहि लंडन-न्यूयॉर्क हा टप्पा सात-आठ तासांचाच होता. तरी गेलेला मुलगा चार-चार वर्षें घरीं येत नसे आणि आईला तर त्याचें घर पाहणें स्वप्नांतहि शक्य नसे, कारण तिकिटाची किंमत मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आंवाक्याबाहेरची होती. आज नातवंडाच्या जन्मासाठीं आजी अटलांटिक ओलांडून जाते. ती पूर्वींपेक्षां लवकर पोंचत नाहीं. पण ती पोंचते.

याला दुसरी बाजू आहे, ती झांकून ठेवतां येणार नाहीं. एक किलो विमानाचें इंधन जळलें कीं तीन किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत जातो, आणि त्यानें पृथ्वीचें वातावरण तापत आहे. वातावरण तापलें कीं उष्ण-थंडाची तफावत निरनिराळ्या थरांत बदलते, आणि आपण पाहिलें कीं वायुस्रोत त्या तफावतीवरच जगतो. इंग्लंडांतील रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ पॉल विल्यम्स यांनीं २०१६ मध्यें याच लंडन-न्यूयॉर्क मार्गाचें गणित मांडलें. वातावरणांतील हा वायु दुप्पट झाल्यास पूर्वेचा प्रवास थोडा लवकर संपेल, पश्चिमेचा त्याहून अधिक लांबेल, आणि दोन्ही मिळून विमानांना हवेंत जास्त वेळ राहावें लागेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एका फेरीमागें फरक मिनिटाच्या आसपासचा. पण या वाटेनें रोज शेंकडों विमानें जातात. मघां वारा आपल्याकडून व्याज घेतो असें आपण म्हटलें. त्या व्याजाचा दर आपल्याच धुरानें वाढतो आहे, असा या गणिताचा अर्थ होतो.

यापुढें ध्वनीहून जलद विमानें पुन्हां येतील, अशा वार्ता अधूनमधून येतात. तीं आल्यास आपण त्यांना दोन प्रश्न विचारावेत. तीन तास वांचविण्यासाठीं किती इंधन जळणार, आणि त्या विमानांत बसणार कोण? शंभर श्रीमंतांचे तीन तास आणि हजारों साध्या माणसांची एक भेट, यांत वजन कशाला द्यावयाचें, हा प्रश्न वैमानिकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या अधिकारांतला नव्हे. तो तुमच्याआमच्यासारख्या, तिकीट काढणाऱ्या आणि विमानतळावर वाट पाहणाऱ्या माणसांचा प्रश्न आहे.

आपल्या घरचें माणूस समुद्रापलीकडून निघालें असेल आणि तास उलटला तरी पोंचल्याची वार्ता आली नसेल, तर जीव टांगणीला लागणें स्वाभाविक आहे. अशा वेळीं एवढें आठवावें कीं, वेळापत्रकांतील आंकडा हा केवळ सरासरीचा आहे. त्या दिवशीं वारा समोरून जोराचा असेल, गँडरवाल्यांनीं वाट थोडी लांबची दिली असेल, आणि वैमानिकानें ती आनंदानें पत्करली असेल. उशीर हा पुष्कळदां सावधगिरीचाच दुसरा अर्थ असतो.